पाचशे वर्षांचा नवरदेव आणि धरणगावची फुलराणी

आधीच सांगते, मी समीक्षक वगैरे काही नाही. अमळनेर-जळगाव रेल्वेची पासवाली आहे, जळगावला एका ऑफिसात हिशेब बघते, आणि जाताना तासभर येताना तासभर जे मिळतं त्यात वाचते. खिडकी मिळाली तर खिडकीशी, नाहीतर दारापाशी बॅगेवर बसून. गेल्या दीड-दोन वर्षांत मी जवळपास नुसत्या प्रेमकथा आणि जादूच्या कादंबऱ्या वाचल्यात, आणि हल्ली या दोन्हींची जी मिसळ निघालीय ना, रोमँटसी म्हणतात तिला, ती तर भरपूर. हा नाद भाचीने लावला. ती पुण्याला शिकते, तिच्या मोबाईलवर रील्समध्ये नुसती पुस्तकंच नाचत असतात, मावशी हे वाच मावशी ते वाच. वाचली बाई. आता माझं पण ऐका.

सुरुवात फोर्थ विंगपासून. रेबेका यारोसचं, २०२३ चं पुस्तक. मी हावरटपणा केला आणि ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसलं म्हणून मागवलं, आलं ते बघूनच कळलं की डुप्लिकेट आहे, कागद भजी बांधायच्या लायकीचा, छपाई फिकट, कव्हर दोन दिवसांत सालीसारखं सुटायला लागलं. पण खरा घात पुढे. एक अख्खा फर्मा दोनदा बांधलेला आणि त्याच्या पुढचा फर्मा गायब. म्हणजे सोळा पानं मी दोनदा वाचली (पहिल्यांदा मला वाटलं मीच डुलकी काढली की काय) आणि पुढची सोळा पानं नाहीतच. आणि नेमकी कुठली नाहीत, तर थ्रेशिंगची. थ्रेशिंग म्हणजे आपल्याकडे मळणी, तिथे मात्र ड्रॅगन आपापला स्वार निवडतात त्या दिवसाला थ्रेशिंग म्हणतात, कितीतरी पानं ज्याची वाट बघायची तो प्रसंग. अख्खी ज्वारी उभी केली आणि मळणीच चोरीला गेली! शेवटी भाचीने तेवढ्या पानांचे फोटो पाठवले तेव्हा गाडी पुढे सरकली. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, दोन मेसेज केले, उत्तर नाही. तेव्हा स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, निदान जाड पुस्तक तरी नको.

पुस्तक कसं आहे? पहिली शंभर-दीडशे पानं एक नंबर. व्हायलेटला बापाने लेखनिक व्हायला तयार केलेलं, ती पुस्तकातली पोरगी, सांधे नाजूक, जरा काही झालं की निखळतात, आणि आई जनरल. आई म्हणते स्वारांच्या तुकडीतच जायचं, संपला विषय. पहिल्याच दिवशी एका अरुंद कठड्यावरून चालत जायचं, पडला तो मेला. हे वाचताना पाळधी स्टेशन कधी गेलं मला कळलं नाही. आणि ही पोरगी ताकदीने जिंकत नाही, डोक्याने जिंकते, कुस्तीआधी समोरच्याला हळूच विष चारते, ते मला भारी आवडलं. टायर्न नावाचा काळा ड्रॅगन आहे तो तिच्या डोक्यात बोलतो, आणि बोलतो म्हणजे काय, आपला एखादा खडूस मामा लग्नात जसा कोपऱ्यात बसून सगळ्यांना नावं ठेवतो तसा. मला विचाराल तर हिरो तोच.

पण मग झेडन येतो. झेडनच्या बापाला बंडासाठी मारलेलं, त्यात हिच्या आईचा हात, म्हणजे वैर पक्कं, मसाला तयार. तरी मधल्या भागात दर चार पानांनी त्याचे खांदे, त्याचा जबडा, त्याचा सुगंध. अरे युद्ध चाललंय ना तिकडे? पोरं मरताहेत ना? दुसरा भाग आयर्न फ्लेम त्याच वर्षी नोव्हेंबरला, म्हणजे सहाच महिन्यांत आला, आणि ती घाई पानापानांवर दिसते, दोघं एकमेकांना एक गोष्ट सरळ सांगत नाहीत म्हणून सहाशे पानांच्या वर भांडण. तिसरा ऑनिक्स स्टॉर्म जानेवारी २०२५ चा. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात २७ लाख प्रती खपल्या म्हणे त्याच्या. खपल्या असतील, माझी एक प्रत धरून नाही, मी भाचीची आणली आणि अर्ध्यात अडकलेय. इतकी नावं आहेत की वहीत वंशावळ काढावी लागली.

आता ए कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस. सारा जे. मासचं, आहे २०१५ चं पण आपल्याकडे पोरी आत्ता वाचताहेत. याची गोष्ट मी डब्यात सगळ्यांना सांगितली. आमचा पासवाल्या बायकांचा ग्रुप आहे, संध्याकाळी येताना कोणी मेथी निवडतं, कोणी मटार सोलतं, आणि मला म्हणतात सांग आज कुठपर्यंत आली तुझी गोष्ट. फेयरा नावाची गरीब पोरगी, घरात खायला नाही, शिकार करून बाप-बहिणींना जगवते, एक लांडगा मारते, तो लांडगा साधा नसतो, आणि मग एक अक्राळविक्राळ प्राणी दाराशी येऊन तिला भिंतीपलीकडच्या परींच्या देशात घेऊन जातो. इथपर्यंत सगळ्या चूप, मेथी हातातच राहिलेली. पहिल्या भागातली ती भूक लेखिकेने फार छान लिहिलीय. मग दुसऱ्या भागात ऱ्हायसँड मेन होतो. दिसायला असा, ताकद तशी, पंख वगैरे, आणि वय पाचशेच्या वर. ही एकोणीस-वीसची. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशी, त्या मटार सोलत होत्या, त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या,

"पाचशे वरीसना? मंग तिना आजाना आजा शे तो!"

आणि जरा थांबून, "इतलं वय व्हयनं तरी लगीन नही व्हयनं त्यानं?"

अख्खा डबा हसतोय. झालं, त्यानंतर मला ऱ्हायसँड काही गंभीरपणे वाचताच आला नाही, तो आला की मला मावशींचा मटार आठवतो. तरी दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे हे मान्य. ती आजारल्यासारखी होते, त्या सोन्याच्या पिंजऱ्यात गुदमरते, ते खरं वाटतं. पुढचे भाग मी सोडले.

इट एन्ड्स विथ असबद्दल थोडक्यात. ते प्रेमकथांच्या रांगेत ठेवतात आणि कव्हरवर फुलं, पण ते नवऱ्याच्या मारहाणीचं पुस्तक आहे. वाईट नाही, उलट त्यातली लिली शेवटाकडे जे ठरवते ते बरोबरच आहे. पण हलकंफुलकं म्हणून कोणाला वाढदिवसाला देऊ नका. मी दिलं होतं.

एक गोष्ट मला हळूहळू कळत गेली. ज्या कादंबरीत हिरॉइनला स्वतःचं काम आहे, म्हणजे नावापुरतं नाही, रोज सकाळी उठून करायचं काम, ती कादंबरी टिकते. जिथे ती फक्त कोणीतरी निवडलेली, खास, भविष्यवाणीतली वगैरे आहे तिथे शंभर पानांनी मला जांभया. व्हायलेटचंच बघा, ती लेखनिकाचं डोकं वापरते तोवर मजा, विजांची राणी झाली की गेली. द लव्ह हायपोथेसिस हे अली हेझलवूडचं २०२१ चं, खोट्या प्रेमाचं नाटक करता करता खरं होतं, गोष्ट शंभर वेळा ऐकलेली. पण त्यातली ऑलिव्ह स्टॅनफर्डला पीएचडी करते, कॅन्सरवर काम, तिची आई त्याच कॅन्सरने गेलेली, प्रयोगाला पैसे नाहीत, सर लोक कसे वागतात, हे सगळं असल्यामुळे ते नाटक पण गळी उतरतं. एमिली हेन्रीचं फनी स्टोरी, २०२४ चं, त्यात डॅफ्नीचा होणारा नवरा ऐनवेळी आपल्या बालमैत्रिणीसोबत जातो आणि ही त्या मैत्रिणीच्या सोडलेल्या बॉयफ्रेंडच्या घरात भाड्याने राहायला जाते. ऐकायला टीव्ही सीरियल. पण डॅफ्नी मुलांच्या वाचनालयात काम करते, आणि ते पोरांना गोष्टी वाचून दाखवणं, वाचनाचा कार्यक्रम उभा करणं, तेवढ्यासाठीच ती गाव सोडून जात नाही. मला पटलं. नवरा गेला तरी मार्चएंड थोडीच थांबतो.

आणि या सगळ्यात माझं सगळ्यात लाडकं: एमिली वाइल्ड्स एनसायक्लोपीडिया ऑफ फेरीज. हेदर फॉसेट, २०२३. हे मी मे महिन्यात वाचलं, जळगाव पंचेचाळीस डिग्री, खिडकीची सळई हात लावू देत नाही, वारा म्हणजे भट्टीचा झोत, आणि पुस्तकात बर्फ. १९०९ साल आहे, एमिली केंब्रिजची प्रोफेसर, तिचा विषयच परी, म्हणजे परीकथा नाही, खऱ्या परी, तिच्या जगात त्या असतात आणि लोक त्यांच्यावर पेपर लिहितात. ती पार उत्तरेकडच्या एका गावात अभ्यासाला जाते, सोबत भला मोठा कुत्रा. सगळं पुस्तक तिची डायरी, आणि खाली तळटीपा! तळटीपांतही गोष्टी. तिला माणसांशी बोलता येत नाही. परीशी कसं बोलायचं, काय द्यायचं, काय मागायचं नाही हे तिला पाठ, पण गावातल्या प्रमुख बाईला ही नकळत पहिल्याच दिवसांत दुखावते आणि हिला कळतच नाही की आपलं चुकलं काय. लाकडं फोडता येत नाहीत. गावातली लिल्या नावाची लाकूडतोडी पोरगी शिकवते.

आणि हिरो, वेंडेल. आयतोबा नंबर एक, दुसऱ्याच्या मेहनतीवर नाव कमावणारा, देखणा, चहा आयता हवा. त्याचं गुपित मी फोडत नाही. पण हा गडी काय करतो तर घर आवरतो आणि टाके घालतो! तिच्या बेढब कपड्यांना न विचारता नीट करून ठेवतो आणि ही चिडते. मला विचारा, पाचशे वर्षांच्या पंखवाल्यापेक्षा झंपरची शिलाई घालून देणारा बरा. तो लग्नाचं विचारतो तेव्हा ही लाजत बिजत नाही, आजवरच्या नोंदींत अशा लग्नांचं काय झालंय त्याचा विचार करते. अगदी आमच्या ऑफिसातल्या ऑडिटसारखं.

यातल्या परींचे नियम वाचताना मला सारखी आमची आजी आठवत होती. ती विहिरीवरच्या साती आसरांचं सांगायची, भरदुपारी तिथे एकटं जायचं नाही, वाहिलेलं काही उचलायचं नाही. आणि दिवसा गोष्ट सांगायची नाही, मामा वाट चुकतो. तेच सगळं. फरक एवढाच की एमिलीने ते लिहून काढलं आणि आजीचं आम्ही कोणी लिहिलं नाही.

पुस्तकाचा दोष, शेवट घाईत गुंडाळलाय, आणि तिथल्या बोलीतले शब्द अडखळवतात. पाचपैकी साडेचार. पुढचे दोन भाग २०२४ आणि २०२५ ला आलेत, दुसरा वाचला, बरा आहे.

तसं ताशा सुरीचं द जॅस्मिन थ्रोन, २०२१ चं, पण सुचवेन, त्याला पुढच्या वर्षी वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं. नावं आपली, मालिनी, प्रिया, भूमिका, अशोक. राजकन्येला भावानेच कैदेत टाकलंय कारण ती चितेवर चढायला नाही म्हणाली, आणि तिच्या सेवेला लागलेली मोलकरीण मुळात मोलकरीण नाही. प्रेम या दोघींचं. लोकांच्या अंगातून पानंफुलं फुटणारा एक रोग आहे, तो वाचताना अंगावर काटा येतो. रेंगाळतं मात्र फार, आणि हे डब्यात सांगितलं नाही अजून, सांगेन.

भाची म्हणते मराठीत असलं काही नाहीच. मी पण तसंच समजत होते. फेब्रुवारी २०२४ ला आमच्या अमळनेरलाच साहित्य संमेलन झालं, ९७ वं, तेव्हा मी पुस्तकांच्या गाळ्यांवर विचारत फिरले, फँटसी आहे का, मोठ्यांची. एकाने लहान मुलांचा कप्पा दाखवला, दुसऱ्याने भुतांचा. तिसरे एक काका म्हणाले, अहो मराठी कादंबरी सुरूच झाली यातून, अद्भुतरम्य म्हणायचे तेव्हा. खरंच की. हळब्यांची मुक्तामाला १८६१, रिसबुडांची मंजुघोषा १८६८, ताटातूट झालेले प्रेमी, दुष्ट लोक, योगायोगावर योगायोग. आपल्या धुळ्यात ज्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे त्या राजवाड्यांनी १९०२ सालीच कादंबरी या विषयावर मोठा निबंध लिहिलाय. मंजुघोषा मी वाचनालयातून आणून चाळली. भाषा इतकी जड की झेडनचा जबडा परवडला.

पण गाडी रोज धरणगावला थांबते आणि धरणगाव म्हणजे बालकवींचं जन्मगाव. फुलराणी आपण शाळेत पाठ केली म्हणून तिच्याकडे नीट बघितलंच नाही. एक कळी, सूर्यकिरणावर जीव जडलेला, वारा येऊन चिडवतो, रात्रभर हुरहूर, आणि सकाळी आकाशातून वऱ्हाड उतरतं, लग्न लागतं. परी आहे, राजकुमार आहे, चिडवाचिडवी आहे, हळुवार रोमान्स आहे, आणि सगळं धरणगाव ते पाळधी एवढ्या वेळात चारदा वाचून होतं. भाचीला पाठवली. तिने विचारलं, पार्ट टू आहे का.

एमिली वाइल्ड सध्या माझ्याकडे नाही. डब्यातल्या एका शिक्षिका मॅडम घेऊन गेल्यात, महिना झाला. रोज म्हणतात संपत आलंय. परवा बघितलं तर पुस्तकात खूण म्हणून मेथीची काडी, तीही तिसाव्या पानावर.