पहिल्यांदा फ्रेमिंग करताय? स्पीड स्क्वेअर घ्यायचा की मोठा फ्रेमिंग स्क्वेअर

अमेरिकेत घर घेतलं की काही वर्षांत बॅकयार्डात शेड किंवा डेक स्वतः करायची खुमखुमी बऱ्याच जणांना येते, मग फ्रेमिंगसाठी, म्हणजे लाकडाचा सांगाडा उभा करण्यासाठी, टूल्सच्या आयलमध्ये जाऊन उभं राहिलं की दोन प्रकारचे गुण्ये समोर दिसतात. एक छोटा त्रिकोणी, तो स्पीड स्क्वेअर, आणि एक लांबलचक एल आकाराचा, तो फ्रेमिंग स्क्वेअर. (आपल्याकडे आरसीसीचं घर, त्यामुळे पुण्यात-कोल्हापुरात हा प्रश्न कुणाला पडत नाही, सुताराकडचा छोटा गुण्या असला की झालं.) दोन्ही काटकोनच दाखवतात म्हणून एकच घेऊ असं वाटतं, पण कामं बरीच वेगळी आहेत.

भिंत उभी करायची असेल तर डोळे झाकून ७ इंची स्पीड स्क्वेअर घ्या. १९२५ साली अल्बर्ट स्वॉन्सनने काढलेली वस्तू, आजही जवळपास तशीच आहे. त्याच्या एका बाजूला जाड ओठ असतो तो लाकडाच्या कडेला अडकतो, त्यामुळे एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने सर्क्युलर सॉ त्याच्या कडेला टेकवून सरळ चालवता येते, कट एकदम काटकोनात. फ्रेमिंग स्क्वेअरला ओठच नाही, तो नुसता सपाट पत्रा, सॉ लावली की सरकतो. टू-बाय-फोर म्हणून मिळणारं लाकूड खरं तर दीड बाय साडेतीन इंच आणि टू-बाय-सिक्स साडेपाच इंच रुंद, म्हणजे ७ इंचात दोन्ही आरामात बसतात. शिवाय टूल बेल्टच्या खिशात मावतो, हे शिडीवर चढल्यावर कळतं किती महत्त्वाचं आहे ते.

मोठ्याची पाती २४ इंच लांब, २ इंच रुंद, आणि आडवी जीभ १६ इंच लांब, दीड इंच रुंद. ही मापं उगाच नाहीत. स्टडची, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडाची, जाडी दीड इंच, म्हणून जीभ प्लेटवर (भिंतीच्या खालच्या-वरच्या आडव्या लाकडावर) आडवी ठेवून दोन्ही कडांनी रेघा मारल्या की स्टडची जागा झाली, आणि स्टड १६ नाहीतर २४ इंचांवर येतात. पहिल्या स्टडची जवळची कड मात्र सव्वापंधरा इंचांवर घ्यायची हं, तरच भिंतीवर ठोकायच्या ४ बाय ८ फुटी शीटची कड बरोबर स्टडच्या मध्यावर येते. पण खरं सांगू का, एवढ्यासाठी टेप आणि छोटा गुण्या पुरतो, टेपवर १६-१६ च्या खुणा छापलेल्याच असतात.

छपराला आलात की गंमत आहे. समजा उतार ६/१२, म्हणजे १२ इंच आडवं गेलं की ६ इंच वर. स्पीड स्क्वेअरचा पिव्हट कोपरा कडेला टेकवून कॉमनच्या, म्हणजे साध्या वाशाच्या, आकड्यांतला ६ कडेवर येईपर्यंत फिरवायचा आणि रेघ मारायची, झाला प्लंब कट, म्हणजे वाशाच्या टोकाचा उभा काप. हिपसाठी, म्हणजे छपराच्या कोपऱ्यावरच्या तिरक्या वाशासाठी, वेगळी पट्टी आहे, तिच्यावर पण ६ च, डोकं लावायला नको. वाशाची लांबी मात्र अंगावर लिहिलेली नाही, ती सोबत मिळणाऱ्या छोट्या पुस्तकात बघायची. मोठ्या गुण्याच्या पात्यावर टेबलच कोरलेलं असतं, ६ च्या खाली १३.४२, म्हणजे दर फूट रनला (आडव्या अंतराला) एवढे इंच. १२ फूट रन असेल तर १६१ इंचांच्या जरासं वर, त्यातून रिजची, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या फळीची, अर्धी जाडी वजा. बरेच जण टेबल न बघता गुण्या १२ वेळा पुढे सरकवत माप घेतात, पण प्रत्येक वेळी १/१६ इंच जरी चुकलं तरी शेवटी पाऊण इंचाचा घोळ होतो आणि मग वासा रिजला टेकतच नाही. त्यापेक्षा गुणाकार करा, फोन खिशातच आहे.

जिना असेल तर विषयच संपला, फ्रेमिंग स्क्वेअर लागणारच. डेकच्या जिन्याला समजा चढ साडेसात इंच आणि पायरी १० इंच, तर एका बाजूला साडेसात आणि दुसऱ्या बाजूला १० वर स्टेअर गेज नावाचे दोन छोटे पितळी स्क्रू कसायचे आणि टू-बाय-ट्वेल्व्हवर गुण्या सरकवत पायऱ्या आखत जायचं. ७ इंची छोट्यावर ही मापं बसतच नाहीत. शेवटी स्ट्रिंगर, म्हणजे पायऱ्या आखलेली ती तिरकी फळी, खालून पायरीच्या फळीच्या जाडीइतका कापायचा, नाहीतर पहिली पायरी उंच आणि सगळ्यात वरची बुटकी होते, आणि इन्स्पेक्टर नेमकं तेच मोजतो.

१२ इंची स्पीड स्क्वेअर पण मिळतो. टू-बाय-ट्वेल्व्ह सव्वाअकरा इंच रुंद, त्याच्यावर एका दमात रेघ जाते म्हणून बरा, पण खिशात मावत नाही, मी तरी पहिल्या खरेदीत घेणार नाही. तेवढ्या पैशात ७ इंची आणि मोठा स्टीलचा मिळून बघा, फार फरक पडणार नाही.

घेताना दुकानातच एक करा, सरळ कडेच्या फळीवर एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. रेघा फाकल्या तर तो काटकोनात नाही, आणि दिसतं त्याच्या निम्मी खरी चूक असते. मोठा स्टीलचा असेल तर कोपऱ्याच्या आतल्या बाजूला सेंटर पंचचा ठोका मारून कोन थोडा उघडता येतो, बाहेरच्या बाजूला मारला की मिटतो. ॲल्युमिनियमचा छोटा वाकडा निघाला तर पावती शोधायची आणि परत करायचा.