खडकीच्या मंडपवाल्या काकांकडून घेतलेला मंडप आणि साऊंड

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात कार्यक्रम करायचा तर मंडप कोणाकडून घेऊ, असं धाकट्या तुकडीतली मुलं मला विचारतात. २७ फेब्रुवारी २०२५च्या मराठी भाषा गौरव दिनाची जबाबदारी आमच्या विभागात माझ्याकडे होती. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यानंतरचा हा पहिलाच २७ फेब्रुवारी. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी पोवाडा आणि गोंधळ, संध्याकाळी कविसंमेलन, असा सगळा दिवस उघड्या मैदानावर. तेव्हा खडकी बाजारातल्या काकांकडून मंडप, व्यासपीठ, खुर्च्या, साऊंड आणि जनरेटर असं सगळं एकत्र घेतलं.

तीन दरपत्रकं लागतात, म्हणून तिघांकडे गेले. दोघांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, "किती बाय कितीचा?" काकांनी विचारलं, "ताई, कार्यक्रम काय आहे ते आधी सांगा." मी वेळापत्रक दाखवलं. ते त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, गोंधळापाशी थांबले आणि म्हणाले, "म्हणजे दिवटी पेटणार." माझ्या अंगावर काटा आला. मी अंबाजोगाईची, घरातला गोंधळ लहानपणापासून पाहिलेला, पण डोक्यावर पॉलिस्टरचं सिलिंग आणि खाली तेलात भिजवलेली पेटती दिवटी हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलंच नव्हतं. काकांनी तिथेच कागदावर मंडप काढला. व्यासपीठासमोरचा बारा फुटांचा पट्टा वरून मोकळा ठेवला, गोंधळी तिथे उभे राहतील अशी खूण केली आणि बाजूला वाळूच्या दोन बादल्या लिहून ठेवल्या. माझा निर्णय तिथेच झाला. दर सर्वांत कमी त्यांचाच निघाला, त्यामुळे कागदोपत्रीही अडचण आली नाही.

हिशेब असा. चाळीस बाय साठचा मंडप म्हणजे २,४०० चौरस फूट, सात रुपये दराने १६,८०० रुपये. चोवीस बाय सोळाचं व्यासपीठ ६,५००. अडीचशे खुर्च्या आठ रुपयांप्रमाणे २,०००. साऊंड १२,००० आणि जनरेटर ६,०००. बेरीज ४३,३००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,७९४, एकूण ५१,०९४ रुपये. डिझेल प्रत्यक्ष वापराप्रमाणे वेगळं. बाकीचे दोघे निम्मी रक्कम आगाऊ मागत होते. काकांनी विभागाच्या अचूक नावाने पक्कं बिल दिलं आणि पैसे कार्यक्रमानंतर थेट खात्यात घेतले. विद्यार्थ्यांच्या खिशात पंचवीस हजार कुठून असणार? ही एक गोष्ट नसती तर आम्ही मंडपाविना सभागृहातच बसलो असतो.

आदल्या आठवड्यात काका टेप घेऊन जागा बघायला आले. "तीनला ऊन कुठून येतं?" असं विचारून त्यांनी पश्चिमेची कनात वाढवून घेतली. झाडाला खिळा मारायचा नाही, दोरही बांधायचा नाही, हिरवळीत खड्डा खणायचा नाही, या तिन्ही गोष्टी मी सांगायच्या आधी त्यांनीच पोरांना बजावल्या. पाईप वाळू भरलेल्या ड्रममध्ये उभे केले.

साऊंडबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आवारातले कार्यक्रम बहुतेक इथेच फसतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शैक्षणिक संस्थांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रातली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. दोन मोठे स्पीकर पुढे उभे करून मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकला तर पुढच्यांचे कान बसतात आणि तक्रारही येते. काकांच्या साऊंडवाल्या मुलाने दोन छोटे स्पीकर पुढे आणि दोन मंडपाच्या मध्यावर लावले, चारही हळू आवाजात. मधल्या दोघांना त्याने साधारण २७ मिलिसेकंदांचा उशीर दिला, कारण तीस फूट यायला आवाजाला तेवढाच वेळ लागतो. तो न देता मधले स्पीकर लावले असते तर मागच्यांना शब्द पुसट ऐकू आला असता. मी शेवटच्या रांगेत बसून पाहिलं, 'ळ' आणि 'ल' वेगळे ऐकू येत होते. भाषेच्या कार्यक्रमात याहून मोठं काय मागायचं?

पोवाड्याच्या वेळी त्याने शाहिरांइतकाच झीलकऱ्यांचा विचार केला. झील धरणाऱ्या, म्हणजे शाहिरांच्या मागे सूर ओढणाऱ्या, तिघांना एक सामाईक माइक, डफाचा माइक हातभर लांब, तुणतुण्याचा अगदी जवळ. एरवी तुणतुणं फक्त दिसतं, ऐकू येत नाही. त्या दिवशी ऐकू आलं. गोंधळात संबळाला मात्र माइकच दिला नाही. "संबळाला कशाला, ताई? तो पार गेटपर्यंत जातो," असं म्हणाला आणि ते खरंच होतं.

आता जे खटकलं ते. २६ला महाशिवरात्र होती. काकांचं सामान एका देवळात अडकलं होतं, त्यामुळे संध्याकाळी पाचला येणारा टेम्पो साडेआठला आला. पोरं उपवासाची, तरी रात्री दीडपर्यंत पाईप बांधत होती. त्यांना वसतिगृहातून केळी आणि चहा आमच्या मुलांनी नेऊन दिला. सकाळी लोक बसायला लागले तेव्हा कळलं की खुर्च्या अडीचशे नाहीत, २३१च आहेत आणि त्यातल्या चारपाच पायात चिरलेल्या. एका निवृत्त प्राध्यापकांना मी स्वतः धरून दुसऱ्या खुर्चीत बसवलं. पडले असते तर मी स्वतःला माफ केलं नसतं. काकांनी कमी आलेल्यांचे पैसे वजा केले, पण चिरलेली खुर्ची टेम्पोत चढायलाच नको होती.

दुसरं, कॉर्डलेसचे सेल. कविसंमेलनात एका मुलीची कविता अर्ध्यावर असताना माइक मेला. स्टँडवर वायरचा माइक तयार होता, तिने तो घेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हटली. बारा हजारांच्या साऊंडमध्ये नवे सेल गृहीतच असायला हवेत.

तिसरं, डिझेल. लाइट ६.५० ते ७.३० एवढीच गेली होती. बिलावर आठ तासांचं डिझेल लागलं होतं. मी वेळा वहीत लिहिल्या होत्या, त्या दाखवल्यावर काकांनी मुलाला झापलं आणि बिल बदलून दिलं. त्यांनी वाद घातला नाही हे खरं, तरी जनरेटर सुरू-बंद केल्याची वेळ तुमच्या माणसाने लिहून त्यावर त्यांच्या माणसाची सही घ्यावी.

२८ला सकाळी नऊच्या आत मैदान रिकामं होतं. सुतळीचे तुकडे वेचायला काकांनी दोन पोरं मागे ठेवली होती.

धाकट्या तुकडीला मी त्यांचाच नंबर दिला आहे. लग्नसराईमुळे जानेवारीतच सांगून ठेवा, वेळापत्रक सोबत घेऊन जा, आणि खुर्च्या आदल्या रात्री टेम्पोतून उतरतानाच एकेक दाबून मोजून घ्या.