कुर्त्यासाठी कापड निवडताना: जुनी साडी, खादी, लिनन की ‘बांबू’?

समजा, तुम्हाला उन्हाळ्यासाठी एक कुर्ता, उशांचे दोन अभ्रे आणि बाजाराची पिशवी शिवायची आहे. कापड असं हवंय की त्यापायी माती-पाण्याचं कमीत कमी नुकसान व्हावं. दुकानात समोर पाच तागे येतात: साधं मिलचं सुती, खादी, लिनन, ‘बांबू’ आणि बाटल्यांपासून केलेलं पॉलिएस्टर. सहावा पर्याय आपल्याच कपाटात घडी घालून ठेवलेला असतो, आणि मी सुरुवात तिथूनच करते.

जुन्या सुती साडीचा कापूस कधीच पिकून, रंगून, विणून झालाय. तिच्यासाठी नवीन फवारणी नाही, रंगाचं नवीन सांडपाणी नाही. शिवणारीच्या दृष्टीनेही ती सोयीची. आटायची तेवढी आटलेली असते, रंग सुटायचा तेवढा सुटलेला असतो, खळ गेलेली असते. सहावारीत साडेपाच मीटर कापड मिळतं, नऊवारीत आठ मीटरच्या वर.

अडचण एकच, विरलेपणाची. आईच्या एका इरकलीचा कुर्ता मी हौसेने शिवला आणि दुसऱ्यांदा घातला तेव्हा तो पाठीवर, बरोबर घडीच्या रेघेवर, उभा फाटला. वर्षानुवर्षं साडी एकाच घडीवर राहिली की धागा तिथेच कमजोर होतो. आता मी कापण्याआधी साडी खिडकीत उजेडासमोर धरते. जिथे जाळी दिसते तो भाग बाजूला. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड आडवं ताणते. बारीक ‘चर्र’ ऐकू आलं तर त्याचा कुर्ता होत नाही, अस्तर किंवा गोधडी होते. आवाज आला नाही तर बिनधास्त कात्री लावा.

साडी नसेल तर मिलचं सुती: मांजरपाट, कॅम्ब्रिक, पॉपलिन. स्वस्त, शिवायला सोपं, सगळीकडे मिळणारं. ‘कापसाला फार पाणी लागतं’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण विदर्भ-मराठवाड्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू, पावसावरचा आहे. आपल्याकडचा मोठा प्रश्न औषधांचा. बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या, कापसाला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि आज पिकणारा बहुतांश कापूस तोच आहे, तरी फवारणी संपली नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर सुती कापड म्हणजे आपोआप निर्मळ, असं मला म्हणवत नाही.

म्हणून सेंद्रिय कापसाचं लेबल बघायचं, पण नीट. ‘जीओटीएस’ (सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) असेल तर बियाणं जनुकीय बदल केलेलं चालत नाही आणि रंग-रसायनांवरही बंधनं असतात. त्यात ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर किमान 95 टक्के धागा सेंद्रिय असतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ असेल तर किमान 70 टक्के. ‘ओइको-टेक्स’चं साधं लेबल मात्र तयार कापडात अंगाला घातक द्रव्यं आहेत का, एवढंच तपासतं. शेतात काय फवारलं, ते त्यातून कळत नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्याला ते पुरेसं आहे, शेतकऱ्याची काळजी असेल तर नाही.

खादीत सूत हातानं कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं, त्यामुळे वीज सगळ्यात कमी. पण खादी म्हणजे सेंद्रिय कापूस असं गृहीत धरू नका, विचारून घ्या. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं वर्ध्याचं मगन संग्रहालय सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी करतं, तशी मिळाली तर तिच्यापुढे मी दुसरं काही घेणार नाही. ‘पॉलिवस्त्र’ खादी भांडारात दिसलं तरी त्यात पॉलिएस्टर असतं. आणि कोरी खादी आटतेच. अर्धा मीटर जास्त घ्या, रात्रभर पाण्यात ठेवा, वाळवून इस्त्री करा, मगच मापं टाका. विण सैल असल्याने कडा उसवतात, तेव्हा शिवण दुमडून दुहेरी टीप मारा.

लिनन जवसाच्या झाडाच्या देठापासून होतं. आपण ज्याची चटणी करतो तोच जवस, पण आपल्याकडे तो मुख्यतः तेलबियांसाठी पेरतात. कापडाचा धागा प्रामुख्याने फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीवरून येतो. तिथे त्याला फारशी फवारणी लागत नाही, पाऊसही पुरतो. महाग आहे, चुरगळतं, पण दर धुण्याला मऊ होत वर्षानुवर्षं टिकतं. रोज घालणार असाल तर पैसे वसूल होतात. सणासुदीला एकदा घालायचं असेल तर घेऊ नका.

‘बांबू’बद्दल मला कळकळीने सांगायचंय. बाजारातलं मऊ, झुळझुळीत बांबू कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइडसारख्या विषारी रसायनातून नेऊन त्याचा धागा काढतात. बांबू झपाट्याने वाढतो हे खरं, पण तयार धाग्यात त्याचं फारसं काही उरत नाही. धागा जाळून बघायची घरगुती परीक्षा इथे कामाची नाही, कारण कापूस आणि व्हिस्कोस दोन्ही कागदासारखेच जळतात. (पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो, ते तेवढं ओळखता येतं.) शिवाय व्हिस्कोस ओलं असताना कमजोर पडतं, धोपटून धुणाऱ्यांनी लक्षात ठेवा. अंगावर झुळझुळीतच हवं असेल तर लायोसेल, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं कापड, शोधा. ते ज्या द्रावकात बनतं, तो जवळजवळ सगळा परत वापरला जातो.

बाटल्यांचं पॉलिएस्टर मी कुर्त्याला कधीच घेणार नाही. घाम शोषत नाही आणि धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म धागे पाण्यात सोडतं. क्वचितच धुतली जाणारी भक्कम पिशवी त्याची होऊ शकते, पण जुन्या जीनची पिशवी तितकीच भक्कम होते.

तर कुर्त्याला आधी साडी ताणून बघा, नाहीतर खादी. अभ्र्यांना साडीचा मऊ भाग, पिशवीला जुनी जीन. दोऱ्याचंही बघा. दुकानातली रीळं बहुधा पॉलिएस्टरची असतात. कुर्त्याला मी तीच वापरते, कारण काखेत सुती दोरा लवकर तुटतो आणि शिवण उसवलेला कुर्ता कोपऱ्यात पडून राहतो. अभ्र्यांना मात्र सुती दोरा घालते. अगदी विरले की बारीक कापून कुंडीतल्या खतात टाकता येतात.