हळदीच्या पावत्या: एसक्यूलाइट की पोस्टग्रेस?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. 'शेतकरी' एक टेबल, 'पावत्या' दुसरं, मध्ये फॉरेन की, म्हणजे प्रत्येक पावतीला खरोखर असलेल्या शेतकऱ्याशी बांधणारा दुवा. डेटाबेस एसक्यूलाइट. एकदा चुकून एक शेतकरी डिलीट झाला. त्याच्या पावत्या मात्र बेवारस तशाच राहिल्या. एरर एकही नाही!

एसक्यूलाइटमध्ये या दुव्याची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक नव्या कनेक्शनला 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' (सेटिंग बदलणारा हुकूम) द्यावं लागतं. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणारा बदलांचा गट) सुरू असताना दिलं, तर गुपचूप वाया जातं. (3.6.19 आवृत्तीच्या आधी, म्हणजे 2009 पर्यंत, तपासणीची सोयच नव्हती.) शिवाय उशिरा चालू केलं तर जुन्या ओळी आपोआप तपासल्या जात नाहीत. 'प्राग्मा फॉरेन_की_चेक' चालवल्यावर मला सगळ्या अनाथ पावत्या सापडल्या. हिशेबाच्या कामात हे फार घातक वाटतं.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही तपासणी मुळातच चालू असते; तो असं डिलीट अडवतो. तिथला त्रास वेगळा: पावतीतल्या शेतकरी क्रमांकावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आपोआप बनत नाही, त्यामुळे एक शेतकरी काढताना सगळ्या पावत्या चाळल्या जातात. इंडेक्स आपणच घालायचा; एसक्यूलाइटमध्येही तेच.

शेतकरी क्रमांक नल (रिकामा) असेल तर दोन्हीकडे पावती बिनबोभाट आत जाते. 'नॉट नल' लिहाच.

एकाच संगणकावरचं दुकान असेल तर एसक्यूलाइट पुरतं, फक्त तो प्राग्मा कनेक्शन उघडणाऱ्या फंक्शनमध्येच ठेवा. दोन-तीन काउंटरवरून पावत्या फाटत असतील, तर मी पोस्टग्रेसच घेईन.