गावभागातलं औषधांचं दुकान: बीपीवाल्यांनी जरूर जावं

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. मागल्या वर्षी बीपीसाठी रॅमिप्रिल सुरू झाली. प्रेशर छान उतरलं, पण काही आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती खवखव आणि आडवं पडलं की ढास. यार्डात सगळ्यांचं एकच, हळदीची धूळ छातीत बसली. दुसऱ्या एका दुकानानं काही न विचारता खोकल्याची बाटली हातात ठेवली. उपयोग शून्य.

तीच बाटली इथे मागितली, तर काउंटरवरच्या मॅडमनी आधी विचारलं, "काका, बीपीची गोळी कुठली चालू आहे?" स्ट्रिपवर 'प्रिल' वाचलं आणि बाटली काढलीच नाही. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत प्रेशर वाढवणारे घटक असतात, हे मला तेव्हा कळलं.

मग बिलाच्या पाठीवर बाण काढून समजावलं. मूत्रपिंडातून रेनिन सुटतं, त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन-१ बनतं. एसीई नावाचं एन्झाइम, जे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात भरपूर असतं, त्याचं अँजिओटेन्सिन-२ करतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, अंगात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं, आणि प्रेशर चढतं. रॅमिप्रिल त्या एन्झाइमलाच अडवते, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. एन्झाइम अडलं की तो साठतो. त्यानंही रक्तवाहिन्या सैल होतात, पण काहींना कोरडा खोकला लागतो.

"गोळी मनानं बंद करू नका, हे डॉक्टरांना दाखवा," म्हणत चिठ्ठी लिहून दिली. गोळी स्वतः बदलून दिली नाही, हे मला फार आवडलं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली. ती एन्झाइमला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन चिकटतं ती जागा अडवते. महिन्याभरात खोकला गेला. धूळ तेवढीच आहे.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र गोळी थांबवून थेट दवाखाना गाठायचा, हेही त्यांनी बजावलं. गरोदर बाईला ही औषधं चालत नाहीत, हे तर प्रत्येक घरात माहीत हवं.

आणखी एक. बायकोनं 'बीपीसाठी चांगलं' म्हणून कमी सोडियमचं मीठ घेतलं होतं. मॅडमनी पाकीट उलटं करून पोटॅशियम क्लोराइडवर बोट ठेवलं. या दोन्ही प्रकारच्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यात हे मीठ म्हणजे भर. पाकीट परत घेतलं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं) आणि पोटॅशियमची तपासणी कधी झाली तेही विचारलं.

माझं गाव शिराळा, सापांचं. म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: रॅमिप्रिलच्या जातीतली पहिली तोंडानं घ्यायची गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाली. अमेरिकेत १९८१ साली तिला मंजुरी मिळाली.

तक्रारी आहेत. गाडी लावायला जागा नाही, सवलत जेमतेम, आणि संध्याकाळी गर्दीत मॅडमना इतकं बोलायला वेळ मिळत नाही. सकाळी दहाच्या सुमारास जा, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्या. दुपारी आणि रविवारी बंद असतं.