झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २२: काय चालतं, कुठे अडतं

पेनड्राइव्हवर मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी ही मोफत लिनक्स सिस्टिम, टाकायच्या आधी दुकानातल्या प्रिंटरचा मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या. आर्णी असो, हिंगणघाट असो की सिंदेवाही, सातबारा काढून देणाऱ्या आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाचं गाडं मिंटवर दोनच ठिकाणी अडतं: प्रिंटरपाशी आणि आधारच्या ठशाच्या मशीनपाशी. बाकीच्या कामाला मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चोख आहे. चार जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपसाठी नवशिक्याला सुचवावं असं यापेक्षा सरळ दुसरं काही नाही.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-३ बाहेरच राहतात. मिंट २२ च्या मालिकेला मात्र २०२९ पर्यंत अपडेट आहेत. किमान रॅम दोन जीबी सांगितली असली तरी फायरफॉक्समध्ये पोर्टलचे चार टॅब आणि शेजारी लिबरऑफिस उघडायचं तर चार हवीच. फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. चारची आठ जीबी रॅम करण्यापेक्षा त्याने मशीन जास्त पळतं. प्रोसेसर ३२-बिटचा असेल तर मिंट २२ चा नाद सोडा.

मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, तीन जीबीच्या आसपास आहे, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर दोन दिवसांचं काम. एकदा उतरवली की गावातल्या दहा मशीनला तीच पुरते. लागतं ते एवढंच: आठ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर ती फाइल चढवणारं रुफस किंवा एचर हे सॉफ्टवेअर, आणि मशीन सुरू होताना पेनड्राइव्ह निवडायला एचपीला एफ९, डेल-लेनोव्होला एफ१२. इन्स्टॉल करायची घाई नको. लाइव्ह मोडमध्येच, म्हणजे मिंट पेनड्राइव्हवरून चालवूनच, वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्या. विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकणार असाल तर विंडोजमधला फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क हाताळणारं इंटेल आरएसटी बहुधा चालू असतं. ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यावं लागतं, पण विंडोजला त्याची तयारी न करता बदललं तर विंडोज उठत नाही. दोन्ही सिस्टिम ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास चुकतं. मिंट मशीनमध्ये जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय समजतं, एवढंच त्याचं कारण. व्हायरस वगैरे काही नसतो.

आता प्रिंटर. एचपीचे लेझरजेट १०२०, पी११०८ या जातीचे प्रिंटर मिंटला लगेच ओळखू येतात, तरी कागद कोराच राहतो किंवा मुळी हलतच नाही. त्यांना एचपीएलआयपीचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) वेगळं प्लगइन लागतं आणि ते पहिल्या वेळी इंटरनेटवरूनच येतं. त्यामुळे नेट असताना, गिऱ्हाईक समोर नसताना हे काम उरका. पुढे एचपीएलआयपी अपडेट झालं की प्लगइन पुन्हा मागतं. काल चालणारा प्रिंटर आज गप्प बसला तर आधी तेच बघा. एप्सनच्या शाईटाकीवाल्या प्रिंटरांचा त्रास कमी. कॅननचा एलबीपी २९०० दुकानात असेल तर मिंटचा विचार दोनदा करा. त्याची छपाईची कॅप्ट पद्धत वेगळी आणि ड्रायव्हर जुना आहे. तो बसवता येतो, पण रांग लागलेली असताना अर्ध्यात थांबणारा प्रिंटर कोणाला परवडतो?

आधारच्या ठशाच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीनला आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर, बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. कास्तकाराची ई-केवायसी करून देणं हा ज्यांच्या दुकानाचा मुख्य धंदा आहे त्यांनी एक मशीन विंडोजवर ठेवावं, किंवा ठशाचं काम ओटीजी केबल लावून अँड्रॉइड फोनवर न्यावं. मिंटवर जुगाड करत बसण्यात अर्थ नाही.

मराठी टायपिंग मात्र मिंटवर विंडोजपेक्षा सोपं पडतं. सेटिंगमध्ये कीबोर्ड, मग लेआउट, तिथलं ‘सिस्टिम डिफॉल्ट’ बंद करून भारतीय यादीतून ‘मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ जोडा. फोनेटिकची, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळा दाबायची, सवय असेल तर कगप हा लेआउट आहे. इनस्क्रिप्टवर ‘दुसऱ्या’ लिहिताना अनेक जण ‘दुसर्या’ करून ठेवतात. त्यातला ‘ऱ्या’ साध्या र ने होत नाही. शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो, त्यावर हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य आणि काना. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा हिंदी असेल तर ती मराठी करा. नोटोसारख्या फाँटमध्ये मग ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. अर्जावर फरक दिसतो. त्याच पानावर लोकेल ‘इंग्लिश इंडिया’ निवडा, म्हणजे कॅल्कमध्ये लाख १,००,००० असाच दिसेल.

कृतिदेव या जुन्या फाँटमधल्या फाइलींची गोष्ट वेगळी. तो युनिकोड नसल्यामुळे फाँट मशीनवर नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि लिनक्सने फाइल बिघडवली असं लोक म्हणतात. फाँटची फाइल होम फोल्डरमधल्या फाँट्सच्या फोल्डरात टाकली की मजकूर पूर्ववत दिसतो. तरी त्यात शोध घेता येत नाही. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा.

डेटाची काटकसर हवी तर तीन गोष्टी करा. अपडेट मॅनेजरमध्ये सर्व्हर भारतातला निवडा. आपोआप अपडेट बंद ठेवून आठवड्यातून एकदा, चांगलं नेट मिळेल तेव्हा हाताने करा, कारण एकट्या फर्मवेअरचं (हार्डवेअर चालवणाऱ्या फाइलींचं) पॅकेजच काहीशे एमबीचं असतं. आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच ॲप सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक अशा दोन रूपांत दिसत असेल तर सिस्टिम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅक पहिल्या वेळी आपल्यासोबत बरंच बिऱ्हाड आणतं.

फोनसाठी एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातली दोनच ॲप दुकानाच्या कामाची. हेलीबोर्ड हा कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही, आणि त्यात मराठी आहे. दुसरं वार्पिनेटर, फोन आणि संगणकात फाइली पाठवणारं. मिंटमध्ये ते आधीपासूनच असतं. फोनचा हॉटस्पॉट लावा, संगणक त्याला जोडा, दोन्हीकडे ग्रुप कोड सारखा ठेवा. गिऱ्हाइकाच्या कागदांचे फोटो मोबाइल डेटा न खर्चता संगणकात येतात, आणि कोणाचं आधार कार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सॲपमध्ये पडून राहत नाही. मिंटची फायरवॉल चालू केली असेल तर ४२००० आणि ४२००१ हे पोर्ट मोकळे करावे लागतात.

राहिलं लोडशेडिंग. अचानक वीज गेल्यावर मिंट बहुतेक वेळा मुकाट्याने उठतं. कधी मात्र काळ्या पडद्यावर इनिट्रॅमएफएस असं लिहून थांबतं आणि लोक फॉरमॅटला धावतात. गरज नसते. त्याच पडद्यावर वरच्या ओळींमध्ये डिस्कच्या भागाचं नाव असतं. एफ-एस-सी-के ही चार अक्षरं, स्पेस, वजा चिन्ह आणि वाय, पुन्हा स्पेस आणि ते नाव, एवढं टाइप करून एंटर दाबा. तपासणी संपली की एक्झिट लिहा. मशीन उठलं पण सगळ्या साइट प्रमाणपत्राची चूक दाखवतात असं झालं तर घड्याळ बघा. तारीख मागे गेलेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला, किरकोळ पैशांत मिळतो. काळा पडदा महिन्यातून दोनदा येऊ लागला तर दोष मिंटचा नाही. डिस्क्स नावाच्या ॲपमध्ये स्मार्टचा अहवाल उघडून डिस्कची तब्येत बघा. तो ठीक असेल तर यूपीएसची बॅटरी बसलेली असते.