भूकंपाचं अ‍ॅप: मी आधी धक्क्याची खोली बघते

4 डिसेंबर 2024, सकाळचे 7 वाजून 27 मिनिटं. चुलीवरच्या गंजातलं पाणी आपोआप हिंदकळलं आणि डोक्यावर कवेलू खडखडले. आमचं गाव सिरोंचा तालुक्यातलं, घर मातीच्या भिंतींचं. सासूबाई बाजेवरून उठून थेट सांदवाडीत गेल्या आणि रात्री घरात झोपायला काही तयार होईनात. 1993 साली किल्लारीच्या बातम्या त्यांनी रेडिओवर ऐकल्या होत्या, तेव्हापासूनची ती धास्ती.

पुतण्यानं माझ्या मोबाईलवर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं ‘भूकंप’ अ‍ॅप टाकून दिलं. फुकट आहे. उघडलं की तारीख, वेळ, ठिकाण, तीव्रता आणि खोली दिसते. आमचा धक्का गोदावरीपलीकडचा, तेलंगणातल्या मुलुगूचा: 5.3, खोली 40 किलोमीटर.

या 40 नंच मी सासूबाईंना आत आणलं. विहीर खोदताना पहिला सुरुंग चार-पाच हातांवर लावला तेव्हा गोठ्याची भिंत थरारली होती. विहीर खोल गेल्यावर तसाच सुरुंग उडाला, तर पायाखाली नुसता धप्प आवाज. तसंच हे, म्हटलं. धक्क्याचं केंद्र जमिनीत 40 किलोमीटर खाली असेल, तर अगदी त्याच्या डोक्यावरच्या घरापर्यंतही लाटा 40 किलोमीटर चालून येतात आणि वाटेत त्यांचा जोर विरतो. म्हणून असा धक्का पार नागपूर-हैदराबादपर्यंत जाणवतो, पण एकाच गावावर सगळा तुटून पडत नाही.

किल्लारीचा भूकंप 6.2 चा, जेमतेम दहाएक किलोमीटर खोलीवरचा. माणसं गेली सुमारे 10 हजार. 1997 चा जबलपूरचा 5.8 चा, पण 35 किलोमीटरच्या आसपास खोल. मृत्यू चाळीसच्या जवळपास. दोन्ही पहाटेचेच. सगळा फरक खोलीचा नाही, हे मला कळतं. किल्लारीचा धक्का मोठा होता, आणि तिथल्या दगडमातीच्या जाड भिंती, जड धाब्याची छपरं झोपलेल्यांच्या अंगावर आली. आमच्याही मागच्या भिंतीला जुनी भेग आहे. खोलीचा आकडा बघून ती बुजत नाही, म्हणून सासूबाईंची बाज आता तिथून हलवली आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे अ‍ॅप धक्क्यानंतरची नोंद दाखवतं, आधी सावध करायला नाही. आणि खोली नेमकी 10 दिसली तर जरा जपून वाचा, कारण नोंदी अपुऱ्या असल्या की शास्त्रज्ञ बरेचदा 10 किलोमीटर धरून चालतात.

माझ्याकडून चार तारे. खोलीच्या आकड्याखाली तिचा अर्थ दोन ओळींत सोप्या मराठीत मिळाला, तर पाचवाही देईन. मग सासूबाईंसारख्यांना तो कोणीही वाचून दाखवेल, शाळेतलं पोरगंसुद्धा.